ऐकवत नाहीत अशी लोकप्रिय गाणी: तुम्हाला कुठल्या गाण्याची भीती वाटते?

पार्कचौकी

नियम आधीच सांगून टाकतो, म्हणजे धाग्याचा काश्मीर व्हायला नको. गाणं गाजलेलं हवं, चारचौघांच्या तोंडी असलेलं हवं, आणि तरीही तुम्हाला ते ऐकवत नसावं. रडू येतं म्हणून नव्हे. नको वाटतं, मागे वळून बघावंसं वाटतं, रेडिओवर लागलं की हात आपोआप बटणाकडे जातो, त्यातलं. रटाळ किंवा चावट म्हणून न आवडणाऱ्या गाण्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्यापासून करू. ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’. साल १९४९, संगीत खेमचंद प्रकाश. सुरुवातीच्या ओळींना ठेका नाहीच. लताबाई सांगायच्या की तो भाग गाताना त्यांना माइकपासून लांब उभं केलं होतं. गात गात हळूहळू पुढे यायचं आणि मुखड्याला बरोबर माइकशी पोचायचं. आवाज लांबून आल्यासारखा वाटायला हवा, तर गाणारीनेच चालत यायचं, असा तो काळ. ही युक्ती कळल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. आता ते गाणं लागलं की खोलीच्या पलीकडच्या टोकापासून कुणीतरी एकेक पाऊल टाकत येतंय, एवढंच मला ऐकू येतं.

त्यात आणखी भर म्हणजे रेकॉर्डवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. ही बाई कोण, असं विचारणारी पत्रं लोकांनी रेडिओला पाठवली होती. म्हणजे सुरुवातीला हे गाणं खरोखरच त्या कामिनीचं होतं!

माझं म्हणणं असं की घाबरवायला बांधलेलं गाणं फार तर अंगावर काटा आणतं, आणि काटा आला म्हणून आपण खूशच होतो. खरी पंचाईत साध्या गाण्यांची आहे. त्यांत घाबरण्याजोगं कुणी काही ठेवलेलं नसतं. बघू या तुमचं काय म्हणणं.

बाळीवेस_बे

पयला नंबर मारलो बे.

सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तवा भूतबंगला यायचा, आठवतंय का कुणाला? तिकीट काढून आत गेलं की काळा पडदा, लाल बल्ब, प्लास्टिकची कवटी आणि टेप. टेपवर ‘गुमनाम है कोई’. आता ती टेप वाजवून वाजवून पार ताणलेली. लताबाईंचा आवाज मधेच जाड व्हायचा, एकदम बाप्या माणसाचा, मग परत बारीक. भूत म्हणून काळं फासलेलं एक पोरगं होतं, ते कोपऱ्यातनं ‘हॅ’ करायचं. त्याला कोण घाबरतंय, आम्हीच त्याच्या पायाला चिमटे काढायचो. पण टेप जाड झाली की सगळे पळत सुटायचे, ते पोरगंबी आमच्या मागं. बाहेर मौत का कुआँची गाडी घुमलाली, पाळण्यात पोरी ओरडलाल्या, भजीचा वास, सगळं झक्कास. आत मात्र ते.

आज मोबाइलवर तेच गाणं स्वच्छ लावलं तर काय सुद्धा वाटत नाही. जाड आवाजवालं पायजे.

शुद्धमध्यम

बाळीवेस_बे, दंडवत. ताणलेल्या टेपवर एक प्रबंध होईल.

‘गुमनाम’ची चाल मूळची इथली नव्हे. हेन्री मॅन्सिनीच्या १९६३ सालच्या ‘शॅरेड’च्या शीर्षकगीतावरून शंकर-जयकिशन यांनी ती उचलली. मूळ ऐकून बघा, त्यात भीती नाही, थोडी उदासी आणि पुष्कळसा डौल आहे. भुताटकी आपल्या लोकांनी घातली.

पार्कचौकी, ठेका नसण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. ठेका असला की पुढची सम कधी येणार हे कानाला आधीच माहीत असतं, तो निर्धास्त असतो. ठेका काढून घेतला की पुढचा सूर कधी येईल याची वाट बघत बसावं लागतं. आपल्याकडे हेच काम सुरांच्या बाबतीत मारवा राग करतो. पंचम वर्ज्य. षड्ज आहे, पण गाणारा त्याच्यावर बसायला तयार नाही. कोमल रिषभ आणि धैवत, यांच्याच भोवती घोटाळत राहायचं. दिवेलागणीला कुणी मारवा लावला की आमच्या घरी आजी म्हणायची, बंद कर आणि शुभंकरोती म्हण. तिला त्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण परिणाम पक्का ठाऊक होता.

एक निरीक्षण. ‘महल’, ‘वो कौन थी’, ‘गुमनाम’, यांपैकी एकाही सिनेमात भूत नाही. पहिल्या दोघांत तर गाणं हेच फसवणुकीचं हत्यार आहे. जिवंत बाई दुसऱ्याला वेड लागावं म्हणून गाते. (ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी रागावू नये, सिनेमे आजोबांच्या काळचे आहेत.) मला भुतापेक्षा हे जास्त भयंकर वाटतं. आणि त्याच ‘वो कौन थी’मधलं ‘लग जा गले’ आज प्रत्येक संगीत संध्येत नवरा-नवरीसाठी गातात! या जन्मी पुन्हा भेट होईल न होईल, असं म्हणणारं गाणं, हळदीच्या दिवशी.

रातपाळी

‘नैना बरसे’चा किस्सा राहिलाच की. शूटिंगच्या वेळी लताबाईंचं रेकॉर्डिंग झालेलं नव्हतं, म्हणून मदन मोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाऊन दिलं आणि साधनाने त्या पुरुषी आवाजावर ओठ हलवले. बघणारे चक्रावले म्हणे. बाळीवेसकरांच्या जाड टेपची ही खरी आवृत्ती.

माझं सांगतो. अशोक चौकाकडे यंत्रमाग कारखान्यात मी रातपाळ्या केल्यात. माग चालू असले की शेजारचा काय बोलतो ते ओठ बघून समजून घ्यायचं, इतका खडखडाट. त्या खडखडाटाला एक चाल असते, आणि रात्री दोननंतर मन तिच्यावर गाणं बसवायला लागतं. कुठलं बसवायचं हे आपल्या हातात नसतं. माझ्या वाट्याला आलं ‘रात्रीस खेळ चाले’. सुधीर मोघ्यांचं, हृदयनाथांची चाल, १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्यावर ते.

तोवर ठीक. पण मधेच लाइट जायची. सगळे माग एकदम बंद. कारखान्यात काळोख आणि कानात पोकळी. आणि गाणं मात्र बंद व्हायचं नाही, ते दोन-तीन ओळी तसंच पुढं जायचं. ते कोण म्हणत होतं, हे मी आजवर बायकोलाही विचारलेलं नाही.

गंमत बघा, त्याच सिनेमात ‘गोमू संगतीनं’ आहे आणि ते लग्नाच्या बँडवर वाजतं. आशाबाईंबरोबर गाणारे हेमंतकुमार. म्हणजे ‘बीस साल बाद’चं ‘कहीं दीप जले कहीं दिल’ ज्यांनी बांधलं तेच. एका हाताने घाबरवायचं, दुसऱ्याने नाचवायचं.

हस्तनक्षत्र

सिनेमाच्या मागे कशाला लागता सगळे? हादग्याची गाणी आठवा जरा. पाटावर हत्ती काढून, फेर धरून, खिरापत काय असेल या विचारात आपण काय काय म्हणत होतो!

‘श्रीकांता कमलकांता अस्सं कसं झालं, अस्सं कसं वेडं माझ्या नशिबी आलं.’ वेड्याच्या बायकोने लाडू केले. तिकडून आला वेडा, चेंडू चेंडू म्हणून खेळत बसला. करंज्या केल्या, होडी होडी म्हणून पाण्यात सोडल्या. इथवर हसून पुरेवाट. मग वेड्याची बायको झोपली होती. तिकडून आला वेडा, त्याने वाकून पाहिलं, मेली मेली म्हणून तिला जाळून टाकलं. आणि लगेच, त्याच चालीत, ‘अस्सं कसं वेडं माझ्या नशिबी आलं’.

हे आता कोण म्हणतंय? ती तर जळाली ना?

परकर-पोलक्यातल्या पोरी आम्ही, या कडव्याला सगळ्यात जोरात टाळ्या पिटायचो. एकीलाही शंका आली नाही. मला आली ती थेट लेकीला शिकवताना. तिने विचारलं, ‘आई, मग पुढे कोण बोलतं?’ मी म्हटलं, खिरापत ओळख बघू.

दुसरं ‘कारल्याचा वेल’. ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा माहेरा.’ वेल लावला, आता जाऊ का? कोंब येऊ दे. कोंब आला, आता जाऊ का? फूल येऊ दे. मग कारलं, मग भाजी. यात कुणी मरत नाही, कुणी ओरडतही नाही. सासू अगदी शांतपणे दर वेळी आणखी एक काम सांगते. लग्न होऊन जुळे सोलापुरात आले आणि पहिल्या पंचमीला माहेरी जायचं विचारायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘जा की, तेवढं शेंगाचं कूट करून ठेव.’ मला तिथेच हे गाणं ऐकू आलं आणि फिस्सकन हसू आलं. त्या विचारतात, काय झालं? आता काय सांगणार!

तिखटमीठ

+१ ताई. आमच्याकडे ‘मेली मेली म्हणून त्याने रडून घेतलं’ असं होतं. जाळाजाळी नाही. तुमच्या फेरात कुणी तरी जास्त धीट पोरगी होती वाटतं.

सुनांनी बदला घेतलेलं गाणंही आहे ना आपल्याकडे. नाथांचं भारूड, ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’. सासरा, सासू, जाऊ, नणंद एकेकाची वासलात लावायला देवीला साकडं घातलंय, आणि लोक टाळ्या वाजवत डोलतात. अध्यात्म आहे, विकारांना घालवायचं आहे, सगळं मान्य. पण मी लहानपणी माझ्या आत्याच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा आजीकडे बघत बसले होते, ही आता कधी जाणार म्हणून.

नास्तिक_नाना

गंमत म्हणून ठीक आहे. पण गाण्याला कसलं घाबरायचं? हवेतली कंपनं ती. हंगेरीतलं ‘ग्लूमी संडे’ घ्या, १९३३ सालचं, रेझो सेरेशची चाल. ऐकणारे जीव देतात अशी वदंता जगभर पसरली. बीबीसीने बिली हॉलिडेच्या आवाजातलं ते गाणं २००२ पर्यंत लावलं नव्हतं, हेही लोक पुरावा म्हणून सांगतात. बंदी घातली ती युद्धाच्या काळात लोकांनी आणखी खचू नये म्हणून. गाण्याने माणसं मेल्याचा धड पुरावा कुणाकडेच नाही. वर्तमानपत्रांनी पिकवलेली कंडी आहे ती.

गाण्यात काही नसतं. आपणच भरतो.

कसब्यातला

नाना, गाण्यात काही नसतं हे मला मान्य आहे. म्हणूनच लिहितोय, एरवी लिहिलं नसतं.

१९९३ ची अनंत चतुर्दशी. ‘खलनायक’ त्याच वर्षीचा, त्यामुळे मिरवणुकीत बँडवाल्यांना दुसरं काही वाजवायची सोयच नव्हती. ‘चोली के पीछे’ संपलं की पुन्हा ‘चोली के पीछे’. आमच्या मंडळापुढे एक म्हातारा क्लॅरिनेटवाला होता, तो त्यातलं ‘कू कू कू’ असं काढायचा की पोरं गुलालात लोळायची. उशिरा घरी आलो, तसाच गुलालाने माखलेला आडवा झालो.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. ही वेळ मला नंतर पेपरमधून कळली. तेव्हा कळलं एवढंच की फळीवरची भांडी खाली येतायत. आधी भांडी, मग पत्रे, मग आईची हाक. वाड्यातलं सगळं बिऱ्हाड रस्त्यावर. कुणाच्या हातात मूल, कुणाच्या हातात नुसतीच उशी. आम्हा पोरांच्या अंगावर गुलाल तसाच, आणि समोरच्या आजी आमच्याकडे बघून किंचाळल्या, त्यांना ते रक्त वाटलं.

सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. मग सिव्हिलकडे गाड्या यायला लागल्या. वडील मदतीला गेले, रात्री आले, अंघोळ केली आणि जेवले नाहीत. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्यात. आम्ही पुढे कितीतरी रात्री अंगणात काढल्या. अशाच एका रात्री गल्लीतून रिक्षा गेली, तिच्यात ते गाणं चालू होतं. मी ताडकन उठून उभा राहिलो. बाजूला बघतो तर चुलतभाऊही उभा. आम्ही दोघंही काही बोललो नाही आणि परत पडलो.

लग्नात ते लागलं की लोक नाचायला उठतात, मी पाणी प्यायला जातो. सांगायचीही चोरी आहे. भूकंपाची भीती वाटते म्हटलं तर लोक समजून घेतात. ‘चोली के पीछे’ची भीती वाटते म्हटल्यावर काय समजतील?

बाळीवेस_बे

दादा, ‘कू कू कू’ला हासणार होतो. नाय हासलो.

नास्तिक_नाना

कसब्यातला, तुमचा अनुभव आणि माझं म्हणणं यांत विरोध नाही. तरीही लिहिलंत ते बरं केलंत.

शुद्धमध्यम

माझ्या पिढीला असंच सारंगीचं झालंय. ३१ ऑक्टोबर १९८४ ला, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा, रेडिओवर नेहमीचे कार्यक्रम थांबवून एकसारखी शोकधून सुरू झाली. त्यानंतर मोठं कुणी गेलं की तेच. सारंगीसारखं देखणं वाद्य, पण दुपारी अवेळी ऐकू आलं की मी आधी विचारतो, कोण गेलं?

रूपाभवानी_रोड

संबळ. नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचे जथे निघतात, आराधी मंडळी गात असतात, गाणी तीच, कॅसेटवर खपलेली, सगळ्यांना पाठ. मला गाण्यांचं काही नाही. पण संबळ एका ठरावीक लयीत चढायला लागला की शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं. एरवी या काकू म्हणजे कुणाशी वर तोंड करून बोलणार नाहीत. पदर दातात धरून हसणाऱ्या. लय चढली की आधी त्यांच्या हाताची बोटं आखडायची, मग मान, मग अंबाडा सुटायचा. केस मोकळे झाल्यावर त्या आमच्या ओळखीच्या राहायच्या नाहीत. आवाज वेगळा, सासऱ्यांना अरेतुरे. बायका हळदकुंकू लावून पाया पडायच्या आणि मी आईच्या पाठीमागे. दुसऱ्या दिवशी काकू ताकाची वाटी घेऊन दारात, ‘आईला दे गं बाळ’. मी वाटी घेताना त्यांच्या बोटांकडे बघायचे.

कवडीमाळ

ताई, राग मानू नका, पण हे या धाग्यात येऊ नये असं वाटतं. आमच्या घरात देवीची परडी आहे. संबळ वाजला की आम्हाला आधार वाटतो, भीती नाही. देवीचं गाणं आणि भूतबंगला एका माळेत ओवू नका.

रूपाभवानी_रोड

माळेत ओवलं नाही हो. श्रद्धेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही मी. लहान मुलीला काय वाटलं तेवढंच लिहिलं. आणि खरं सांगू? आता मोठेपणी वाटतं, वर्षातून एकदा सासऱ्यांना अरेतुरे करता यावं म्हणून तरी त्या काकूंना संबळ हवाच होता.

कवडीमाळ

हे मात्र माझ्या आजीलाही लागू होतं. असो.

जेऊर_लोकल

आपल्या जिल्ह्याचं गाणं कुणीच कसं काढलं नाही? ‘सैराट’. २०१६. नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे, शूटिंग करमाळा तालुक्यात, अजय-अतुलची गाणी. ‘झिंगाट’वर मी स्वतः डोकं फुटेस्तोवर नाचलोय. थेटरात तर लोक पडद्यापुढे जाऊन नाचत होते. मग सिनेमा संपत आला, ते लहान लेकरू रक्तात पाय भरवून चालत बाहेर आलं, आणि आवाजच नाही. संगीत नाही, रडणं नाही, काही नाही. एवढा वेळ ज्याने गाण्यांचा मारा केला त्याने ऐन वेळी सगळं काढून घेतलं. थेटरात कुणाची तरी शिट्टी अर्धवट राहिली होती, ती मला अजून आठवते.

आता वरातीत ‘झिंगाट’ लागलं की मी नाचतो, नाही असं नाही. पण गाणं संपून डीजेवाला पुढचं लावेपर्यंत जी शांतता असते ना, ती नको वाटते.

पार्कचौकी

रातपाळीचे बंद पडलेले माग आणि जेऊरकरांची ही शांतता. म्हणजे भीती गाण्यात नाही आणि आपल्यातही नाही, गाणं थांबतं तिथे आहे, असं म्हणायचं का? नाना, यावर काय म्हणाल?

नास्तिक_नाना

म्हणणार काही नाही. चहा टाकायला सांगितलाय.

तिन्हीसांज

ग्रेस यांच्याबद्दल कुणी लिहिलंच नाही! ‘भय इथले संपत नाही’. नावातच भय. दूरदर्शनवर ‘महाश्वेता’ मालिकेला होतं, लताबाईंच्या आवाजात, चाल हृदयनाथांची. शब्दांचा अर्थ तेव्हा लागला नव्हता, आताही पुरता लागत नाही. आई म्हणायची, हे लागलं की घरात कुणी तरी आजारी असल्यागत वाटतं.

तांब्यांचं ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ही याच पंगतीतलं. वसंत प्रभूंची इतकी गोड चाल, लताबाईंचा कोवळा आवाज, आणि म्हणणं काय, तर तू गेलास तरी कुणाचं काही अडणार नाही. शाळेच्या गॅदरिंगला आमच्या बाईंनी हे बसवलं होतं. पालक टाळ्या वाजवून घरी गेले.

टाळकुटे

तांब्यांचं म्हणाल तर वारकऱ्यांना त्याची सवय असते. नामदेवांचा ‘काळ देहासी आला खाऊ, आम्ही आनंदे नाचू गाऊ’ आमच्या काकड्याला ठरलेला. पहाटे चारला, थंडीत, पन्नास-साठ म्हातारे काळ खायला आला म्हणून उड्या मारतायत. नवखा माणूस बघून हबकतो. मृदंगवाले आमचे तात्या म्हणायचे, घाबरायचंच तर ठेका धरून घाबरा.

(अवांतर: ‘सामना’मधलं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ ऐका रात्री. आरती प्रभूंचे शब्द, रवींद्र साठ्यांचा आवाज. सिनेमा जब्बार पटेलांचा, जन्म पंढरपूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न सिनेमा विचारतो, आणि हे गाणं ऐकलं की आपल्यालाच कुणीतरी विचारतंय असं वाटतं.)

अज्जीची_नात

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आमचं घर कानडी, मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात. माझं गाणं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, पण सीमेपलीकडे ते घरोघरी आणि पाठ्यपुस्तकातही आहे. ‘केरेगे हार’. तळ्याला दिलेला बळी.

कल्लनकेरीच्या मल्लनगौडाने गावासाठी तळं खोदलं. पाणी लागेना. पोथी बघून सांगितलं, सून द्या. थोरली दिली तर घराचं थोरपण जाईल, म्हणून धाकटी, भागीरथी. हे तिला कुणी तोंडावर सांगत नाही, पण तिला कळतं. ती माहेरी जाऊन येते. बाप विचारतो डोळ्यांत पाणी का, तर सांगते, सासू-सासरे वेगळं ठेवायचं म्हणतायत. खरं फक्त मैत्रिणीला सांगते. मग वाजतगाजत तळ्यात पूजा होते, तिथेच सगळे जेवतात, आणि परत निघताना सोन्याची वाटी तळ्यात ‘विसरते’. ती आणायला धाकटीला पाठवतात.

इथून पुढचं अज्जी फार हळू म्हणायची. वाटी घेऊन ती पायऱ्या चढते. एक पायरी, पावलं भिजली. पुढची पायरी, गुडघे. पुढची, कंबर. ती वर चढतेय आणि पाणीही वर चढतंय. ओळी सगळ्या एकाच घाटाच्या, फक्त अंग बदलतं. अज्जी भाकरी थापताना हे म्हणायची, आणि प्रत्येक पायरीला भाकरीवर एक थाप. नवरा लढाईवर असतो, तो परत येतो आणि त्याच तळ्यात उडी घेतो.

आमच्या सिद्धेश्वर तळ्याकाठी मी लहानपणी पायऱ्या उतरायचे नाही. सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन, श्रमाने ते तळं खोदलं, बळीबिळी काही नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं. पायांना कुठे शिकवलं होतं?

हस्तनक्षत्र

सोन्याची वाटी विसरते! म्हणजे तिलाच आणायला पाठवायला कारण हवं म्हणून. अगं बाई. माझी कारल्याचा वेलवाली सासू यापुढे देवमाणूस.

शुद्धमध्यम

अज्जीची_नात, चालीबद्दल लिहाल का? एकाच घाटाच्या ओळी म्हणता, तर चाल वरवर चढते की त्याच सुरांवर राहते?

अज्जीची_नात

त्याच सुरांवर राहते. चार-पाच सूर, बास. चढत नाही, म्हणूनच नको व्हायचं. पुण्यकोटी गाईचं गाणंही अज्जी म्हणायची. वाघाला दिलेला शब्द पाळायला वासराला सोडून परत जाणारी गाय. ते कानडी शाळेत सगळ्यांना असतं, त्याला आम्ही ढसाढसा रडायचो. रडलं की मोकळं. ‘केरेगे हार’ला रडूच यायचं नाही.

रातपाळी

अज्जी आहेत का अजून? कुणी रेकॉर्ड करून ठेवलंय का हे?

अज्जीची_नात

अज्जी नाहीत. अव्वाला, म्हणजे आईला, येतं, सगळं नाही, पायऱ्यांपर्यंत. तुम्ही विचारलंत म्हणून काल संध्याकाळी तिला म्हणायला बसवलं आणि फोनवर घेतलं. मधे कुकरची शिट्टी आलीय, चालवून घ्या, लिंक टाकते उद्या.

घेऊन झाल्यावर विचारलं, अव्वा, तुला लहानपणी याची भीती वाटायची का गं? म्हणाली, ‘भीती कसली? संताप यायचा. तळं सासऱ्यानं खोदलं, नाव सासऱ्याचं होणार, मग उडी त्यानंच मारायची की. सुनेला कशाला वाटी आणायला पाठवतोस?’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘तू पण ऐकतच बसलीस. भात बघ, लागला असेल.’

लागला होता.